सर्व्हर पडला की खुलणारी अक्का

"स्वल्प तडी!" म्हणजे जरा थांब. असं म्हणून अक्का आधी चपला काढायची, खुर्चीवरच मांडी घालायची आणि दोन्ही तळहात एकमेकांवर चोळायची. समोर कुणी चुरमुऱ्यांच्या चटपटीत गिरमिटाची ताटली ठेवलीय असं वाटावं. समोर असायचा बंद पडलेला सर्व्हर.

सगळं सुरळीत चाललं की कोमेजणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हुबळीच्या केशवापुरातल्या आमच्या लहानशा कंपनीत आम्ही लोकांच्या वेबसाइट सांभाळायचो. साइट पडली की आमचे मालक अण्णा देवाचं नाव घ्यायचे, मी फोन उचलायला घाबरायचो आणि अक्काचा चेहरा फुलायचा. आम्ही काही बदलायला धावलो की तिचा हात आडवा. "आधी तो काय बोलायलाय ते ऐक की!" मग सर्व्हरच्या तक्रारी ती मोठ्यानं वाचायची, माहेरची खुशाली वाचावी तशी.

वय पंचेचाळिशीच्या पुढं, लग्न केलेलं नव्हतं. त्याचं दुःख सगळ्या केशवापुराला होतं, तिला सोडून.

आणि साइट पडली ती नेमकी वधूवर मेळाव्यात!

मराठी मंडळाचा मेळावा होता. धारवाडपासून कोल्हापूरपर्यंतची कुटुंबं हॉलमध्ये जमलेली. यंदा कागदी फॉर्म नव्हते, मंडळाची साइट होती आणि ती आमच्याकडं होती. हॉलमधल्यांनी आणि बाहेरगावच्यांनी एकाच वेळी मोबाइलवर स्थळं बघायची, पसंती कळवायची आणि दुपारी भेटी ठरायच्या. मंडळाचे अध्यक्ष धारवाडचे एक निवृत्त वकील. निम्म्या मंडळाचा विरोध असताना या वकीलकाकांनी स्वतःच्या शब्दावर हे रेटलं होतं.

काकांनी नारळ फोडला. सगळा हॉल मोबाइलवर वाकला. आणि सगळ्या मोबाइलवर एकच गोल चक्र फिरायला लागलं.

"कपाळ आलंय, नाक यायचंय," मागून एक आजी म्हणाल्या. मुलाचा फोटो तिथंच अडकला होता.

विरोधी मंडळी एकमेकांकडं बघून हसली. काका आमच्या टेबलाशी आले. "अगं, माझी अब्रू आहे ही!"

"स्वल्प तडी, काका." अक्काच्या चपला निघाल्या. तिनं लॉग, म्हणजे सर्व्हरच्या तक्रारींची नोंद, वाचला आणि तिचे डोळे लकाकले. "सगळे वर्कर गुंतलेत!"

वर्कर म्हणजे सर्व्हरच्या आत काम करणारे गडी. आमच्या सर्व्हरवर एक वर्कर एका वेळी एकाच माणसाला पान आणून द्यायचा. किती वर्कर उभे करायचे याला मर्यादा असते. ती संपली की बाकीचे लोक ताटकळत राहतात.

"मग मर्यादा वाढव की!" अण्णा ओरडले.

"मेमरी पुरायची नाही, अण्णा."

अण्णांना कुठला धीर! त्यांनी लॅपटॉप ओढला आणि आकडा चौपट केला. सर्व्हरनं तो मानलाच नाही, कारण वर आणखी एक कमाल मर्यादा होती. अण्णांनी तीही वाढवली. पानं भराभर उघडली, हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत सगळं ठप्प. एवढे वर्कर एकदम उभे राहिले आणि मशीनची मेमरीच संपली. आता आम्हालाही सर्व्हरमध्ये शिरता येईना. अण्णा पुन्हा देवाचं नाव घ्यायला लागले.

अक्का मात्र हसत होती! "कुठं मोडतो ते सापडलं बघ! आता नेमका आकडा काढू!"

बाहेरून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. एक वर्कर किती मेमरी खातो ते तिनं पाहिलं, डेटाबेससाठी जागा राखली आणि आकडा लिहिला. तो आमच्या मूळ आकड्यापेक्षाही लहान होता.

"कमी?" काकांचा आवाज चिरकला. "लोक वाढलेत आणि तू गडी कमी करतीस?"

"काका, पंगतीत वाढप्यानं भात वाढला आणि 'अजून काही लागलं तर?' म्हणून त्याच पानासमोर उभा राहिला तर? आपले वर्कर तसंच करायलेत. पान दिलं तरी त्याच फोनला धरून बसायलेत. ते थांबणं कमी करते. वाढलं की पुढं!"

"कर," काका म्हणाले आणि त्यांनी माइक हातात घेतला. "मंडळी, सर्व्हरला शिस्त लावायचं काम चालू आहे!"

अक्कानं सर्व्हर पुन्हा सुरू केला. चक्र फिरलं. सगळा हॉल पुन्हा मोबाइलवर वाकला.

"आला!" आजी किंचाळल्या. "अख्खा आला! मिशा पण आहेत!"

मग काय विचारता! सगळा हॉल हसत सुटला. अक्का अनवाणीच रांगांमधून पळत होती, दिसेल त्याच्या मोबाइलमध्ये डोकावत होती. "तुमचं आलं? तुमचं?" विरोधी मंडळीही तिला मोबाइल दाखवत होती. काका खांबाला टेकून चष्मा पुसत राहिले.

भाच्यासाठी मुलगी बघायला बेंगळुरूहून आलेल्या एक बाई तिथल्या मोठ्या कंपनीत सर्व्हरचंच काम बघत होत्या. जेवणानंतर त्या भाच्याला सोडून अक्काशीच बोलत बसल्या. पुढं त्या कंपनीकडून अक्काला मुलाखतीचं बोलावणं आलं.

आणि अक्का घाबरली. "या वयात? तिथली पोरं हसतील रे मला." खुर्चीवर मांडी नव्हती, तिचे पाय खाली होते. तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

मी काकांना कळवलं. ते धारवाडहून थेट ऑफिसात आले. "भर हॉलमध्ये माझी अब्रू पणाला लागली होती, तेव्हा आकडा कमी करताना घाबरलीस? मग आता काय झालं?"

ती गेली. तिला घेतलंही. काका गावभर सांगत फिरले, "मेळाव्यात एक स्थळ तर पक्कं जमलं! मुलाच्या जागी कंपनी आहे, एवढंच."

हुबळी स्टेशनवर आम्ही तिघं तिला पोचवायला गेलो, काका पेढ्यांचा डबा घेऊन. खिडकीतून निरोपाचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात समोरच्या प्रवाशानं तिला विचारलं, काय काम करता? संपलं! पेढ्यांचा डबा बाकावर उघडला, अक्का पुढं सरकली, तिचे हात हवेत काहीतरी मांडायला लागले. तो माणूस तोंडातला पेढा चावायचा विसरून ऐकत होता.

गाडी हलली. अण्णांनी हाक मारली. तिला ऐकूच गेलं नाही.

"राहू दे रे," काका म्हणाले. "तिला बोलू दे."

आम्ही तिघं गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत हात हलवत राहिलो.