बस्सूची शागीर्द

अझरू शहराच्या वर, डोंगरात देवदाराच्या जंगलाला खेटून असलेल्या गावात बस्सू सुताराचं दुकान होतं. हे काम तो बापाच्या हाताखाली शिकला, आणि बाप बोलून शिकवणाऱ्यातला नव्हता. रंधा वाकडा गेला की पाठीत फळकूट बसायचं, एवढाच धडा. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत आपण काय करतो हे तोंडानं सांगायची वेळच बस्सूवर आली नव्हती. दोन्ही मुलगे स्पेनला गेले ते तिकडेच राहिले. लग्नात द्यायच्या लाकडी पेट्यांना, दारांना गिऱ्हाईक होतं. पण करणारे हात दोनच.

अशात तालुक्याच्या एका संस्थेतली सिहाम एक योजना घेऊन आली. खेड्यातल्या छोट्या सुतारांनी दोन माणसं कामाला ठेवायची, शिकवायची. सहा महिने त्यांचा पगार संस्था देणार, वर विजेवरची करवत. सुरुवात बस्सूपासून. इथं जमलं तर गावातल्या आणखी चार दुकानांना.

"काय काय शिकवणार ते लिहून द्यावं लागेल," सिहाम म्हणाली.

"मला कुठलं लिहायला येतंय, पोरी?"

"मग तुम्ही बोला, मी लिहिते."

बस्सूनं पुदिन्याच्या चहाचा पेला खाली ठेवला. म्हणाला, "लिही, आधी झाडायला शिकवीन."

दोघं आले. इद्रिस नावाचा तरुण तिसऱ्या आठवड्यात मेकनेस शहरातल्या फळांच्या वखारीत निघून गेला. राहिली तूदा. एकतीस वर्षांची, नवऱ्यानं सोडलेली, भावाच्या घरी गालिचे विणून पोट भरणारी. गावाला विषय मिळाला. पलीकडच्या दुकानातला झैद सुतार तर रोज दारात येऊन विचारायचा, "काय बस्सू, आता पेट्यांवर कशिदा काढणार का रे?"

"हसू दे त्याला," बस्सूची बायको इत्तो म्हणायची. "त्याच्या दुकानात माशीसुद्धा टिकत नाही."

तूदाच्या हाताला विणकामाची सवय होती, नजरेला रेषेची. बस्सू तिला काही दाखवायला जाई आणि बोलू लागे. आपल्याला इतकं बोलता येतं याचं त्यालाच नवल वाटे.

"फळीवरून हात फिरव. मांजराला उलटं कुरवाळलं की फिस्कारतं ना, तसंच लाकडाचं. रेषा कुठं धावतात बघ आणि तिकडंच रंधा मार."

"मांजर निदान पळून तरी जातं, उस्ताद. हे बिचारं कुठं जाणार?"

बस्सू खो-खो हसला. दुकानात असं हसू कित्येक वर्षांत उमटलं नव्हतं. चार महिन्यांत तूदा सांधे असे बसवू लागली की कागद आत जाईना. ती त्याच्यासारखीच डावा पाय पुढे टाकून उभी राही, त्याच्यासारखीच पेन्सिल दातांत धरी. "घरात एक बस्सू पुरे होता," इत्तो म्हणे.

संस्थेनं दिलेल्या करवतीच्या पात्यावर लोखंडी झाकण होतं. ते काढायचं नाही, हे करवत बसवणाऱ्यानं तीनदा बजावलं होतं. पण बस्सूला त्या झाकणामुळे कापाची रेघ दिसेना. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं ते काढून खिळ्याला टांगलं. सिहाम यायची असली की परत लावायचा.

"उस्ताद, ते झाकण?"

"माझी चाळीस वर्षं गेली यात. तू मात्र लावूनच चालव."

तिनं तसंच केलं. मग एका सकाळी तिनंही ते काढलं. बस्सूनं पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं, तोवर फळी चिरून झाली होती. काप केसासारखा सरळ. तो काहीच बोलला नाही. खरं तर त्याला बरंच वाटलं.

डिसेंबरात बर्फ पडलं. एका लग्नाची पेटी चार दिवसांत हवी होती. थंडीनं बोटं बधिर झालेली. बस्सू पाठ करून पेटीच्या झाकणावर नक्षी कोरत होता, आणि मागं करवतीचा आवाज बदलला. तूदा ओरडलीसुद्धा नाही. ती नुसती आपल्या हाताकडं बघत उभी होती.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. तिसरं राहिलं, पण वाकेना.

संस्थेच्या चौकशीच्या आदल्या दिवशी झैद आणि बाकीचे तिघे सुतार बस्सूच्या घरी येऊन बसले. त्या दिवशी थट्टा नव्हती.

"झाकण लावलेलं होतं म्हण," झैद म्हणाला. "बाईनं काढलं, तिचं लक्ष नव्हतं. तिची बोटं तर गेलीच. आमची माणसं, आमच्या करवती कशाला घालवतोस?"

बस्सूनं रात्र तळमळत काढली आणि सकाळी सिहामपुढं खरं ते सांगितलं. "झाकण मी काढत होतो. ती माझं बघून शिकली. आणि तिला करताना बघूनही मी गप्प बसलो."

सिहाम लिहिता लिहिता थांबली. "हे असंच लिहू, काका?"

"असंच लिही."

पंधरा दिवसांत करवत परत गेली. गावातल्या चारही दुकानांचे अर्ज रद्द झाले. झैदनं दोन जण ठरवून ठेवले होते. तेही मेकनेसच्या बसनं गेले. मंगळवारच्या बाजारात बस्सूच्या सलामाला कुणी उत्तर देईना.

तो तूदाला भेटायला गेला. मागावर अर्धा गालिचा तसाच ताणलेला होता. गाठ मारायला डावा हात लागतो.

"तुम्ही खरं का सांगितलंत?" तिनं विचारलं. "माझ्यासाठी? गाव तर मलाच बोलतंय. भाऊ म्हणतो, तुझ्यापायी सगळ्यांच्या भाकरीत माती पडली."

तिनं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला.

"मी पहिल्यांदा झाकण काढलं तेव्हा तुम्ही बघत होतात ना?"

"होतो."

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल, छान आलं. मी त्याचीच वाट बघत होते, उस्ताद. तुम्ही म्हणालात नाही, म्हणून मग रोजच काढू लागले."

तिच्या वहिनीनं चहा आणून ठेवला. तो कुणीच प्यायलं नाही. बस्सू उठला तेव्हा तूदा दारापर्यंत आली नाही.

लग्नाची पेटी अर्धीच राहिली. त्या लोकांनी शहरातून दुसरी आणली. वसंतात बस्सूनं सुकवलेल्या सगळ्या फळ्या झैदला देऊन टाकल्या. झैदनं गाढवावर लादल्या आणि एक शब्द न बोलता नेल्या. दुकानात आता शेजाऱ्याचं जवस भरलेलं असतं. बस्सू सकाळी उन्हाला भिंतीशी बसतो. इत्तो काहीबाही बोलत राहते आणि तो हूं-हूं करतो, अगदी त्याच्या बापासारखा.