आधी भिंत, मग पाणी

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या शहरात घरी पोहण्याचा तलाव बांधायचा तर आधी भोवती भिंत हवी, मगच पाणी. नदीपलीकडच्या शहरात आधी डुंबा, परवानगी मागाहून!

माझे साडू वसंतराव नदीच्या अलीकडे, आमच्याच शहरात राहतात. भिंत अजून व्हायची होती, म्हणून परवान्यासाठी त्यांनी तलाव कोरडा ठणठणीत ठेवला होता. भर दुपारी तपासनीस आले. तळाशी धूळ होती आणि पायऱ्यांवर ओली पावलं, वर चढून थेट घरात गेलेली.

"थेंबभर पाणी सोडलं नाही हो, देवाशपथ!" परवाना हातचा जाणार म्हणून साडू कळवळले.

माणसाने पाण्यात जाऊ नये म्हणून भिंत. पाण्यातून कुणी माणसांत आलं तर काय, हे दोन्ही शहरांच्या नियमांत नाही.

इतक्यात मेहुणी घरातून ओरडत बाहेर आली, "अहो, भिंत नका घालू! ते परत कुठून जाईल?"