दारापर्यंत जाऊन

लाखांदूरच्या बसस्थानकासमोर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तेच आमच्या दैनिकाचे तालुक्याचे बातमीदार. कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेल्या बातम्या ते लिफाफ्यात घालून दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे देत. संध्याकाळी तो लिफाफा भंडाऱ्याच्या कार्यालयात पोहोचे. मी नवा होतो. काम शिकायला मला त्यांच्याकडे पाठवलं होतं.

दुसऱ्याच महिन्यात मी दिघोरीच्या एका निवृत्त शिक्षकांची निधनवार्ता दिली. चहाच्या टपरीवर ऐकली होती. छापून आली. गेलेले गृहस्थ त्याच नावाचे दुसरे होते.

ते रागावले नाहीत. सकाळच्या बसनं मला दिघोरीला घेऊन गेले. शिक्षक ओसरीवर बसले होते.

"या बाप्पा," शिक्षक म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या घरचा चहा चालते न?"

"पोरगा नवा आहे, गुरुजी."

"हे माह्या बायकोले सांगा. सकाळपासून लोकं रडत येऊन राहिले. समजावता समजावता तिचा गळा बसला."

चहा गोड होता. परतीच्या बसमध्ये ते एवढंच बोलले, "ज्याच्या घरची बातमी, त्याच्या दारापर्यंत जाऊन आलं पाहिजे. वाईट बातमी असंन तं आपण स्वतः जावं."

पुढे मी भंडारा कार्यालयाचा प्रमुख झालो. त्यांचे लिफाफे येतच होते. त्यांचं अक्षर लागणारा माणूस आता कार्यालयात मी एकटाच होतो. मोबाइलवर बातमी न पाठवणाऱ्यांचं काम थांबवा, असं वरून कळवण्यात आलं. लाखांदूरची बस रोज होती. मी फोन केला.

वरून आलेला निरोप सांगितला. मग त्यांनी विचारलं, "आजचा लिफाफा देऊन झाला. उद्याचा देऊ का नाही?"

गरज नाही, असं मी सांगितलं.

"बरं, साहेब."

त्याआधी त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

दोन वर्षांनी एका सकाळी आमच्याकडे शिकत असलेल्या मुलीनं मोबाइल पुढे केला. त्यांच्या निधनाची बातमी होती, फोटोसह. "दोघांनी कळवलंय, सर. घेऊ?"

थांब म्हणालो आणि बस पकडली. तीही बातमी दिघोरीसारखी खोटी निघावी, असं वाटेत वाटत राहिलं. दुकान बंद होतं. मागच्या बाजूच्या घरासमोर खुर्च्या मांडल्या होत्या.

त्यांच्या पत्नीनं मला ओळखलं. "तुमच्या फोननंतर बी दुपारच्या बसच्या टायमाले ते दुकानाबाहेर उभे राहत," त्या म्हणाल्या. "कंडक्टर विचारे, लिफाफा? ते हातानंच नाही म्हणत." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमी तवा काहून नाही आले?"

घरात चूल पेटली नव्हती. शेजारच्या बाईनं पाण्याचा गडू आणून दिला.

संध्याकाळी भंडाऱ्याला परतून बातमी लिहिली. चार ओळी झाल्या. त्या मुलीनं त्या वाचल्या.

"सर, एवढं तर फोनवरच मिळालं असतं."

मी हो म्हणालो आणि पान छपाईला सोडलं.