मागच्या दोन दांड्या

रोज सकाळी बसमध्ये चढली, की मिराबाई राठोड आधी छताखालची दांडी पुसते. मागच्या सीटपासून सुरुवात करते आणि ड्रायव्हरच्या जाळीशी थांबते. हळदीच्या दिवसांत बाजारातून आलेले हात ती दांडी पिवळी करून टाकतात, मग फडकंही पिवळं होतं. पुसून झालं, की दांडीला दोन बोटं टेकवते आणि म्हणते, "चला हरीशभाऊ." तेव्हा कुठे वसमत-औंढा गाडी सुरू होते.

सोळा वर्षांच्या कंडक्टरकीत तिने ती दांडी कधी घट्ट धरलेली नाही. एक हात वर सैल, गुडघे किंचित वाकलेले. खड्डा आला, की सगळी गाडी एकमेकांवर कोसळते आणि मिराबाई तेवढी सुटे पैसे मोजत उभी असते. मी त्या गाडीने कॉलेजला जायचे, म्हणून हे रोज पाहिलं. हाच हात एका माणसाची अकरा वर्षांची इच्छा पुरी करील, हे मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती इच्छा विश्वंभर पाठकांची. ते आमच्या वसमत स्थानकाचे वाहतूक नियंत्रक, राहायला औंढ्याला. स्थानकातल्या विश्रांतीच्या खोलीत फुटबॉलचं एक टेबल आहे. गावातला क्लब बंद पडला तेव्हा ते इकडे आलं. कॉलेज सुटलं, की गाडी निघेपर्यंत मी त्या खोलीच्या दाराशी उभी राहून खेळ पाहायचे. टेबलाला आडव्या दांड्या, दांड्यांना ओवलेले लाकडी गडी. दोघा-दोघांची जोडी, एकाने पुढच्या दोन दांड्यांवर हल्ला करायचा, दुसऱ्याने मागच्या दोन दांड्यांवर गोल राखायचा. पाच गोल आधी करील तो जिंकला. सकाळची पाळी एकला संपली, की पाठक तिथे जात आणि ड्रायव्हर हरीशकडून हरत. एक-चाळीसच्या गाडीने घरी जात. अकरा वर्षं. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, हरीशला हरवायचं होतं. निवृत्तीला आठ दिवस उरले आणि त्यांच्या जोडीदाराची बदली झाली.

एक वाजता रिकामी असणारी एकच व्यक्ती होती. मिराबाई पायरीवर बसून भाकरी खात होती.

"मला न्हाई येत साहेब."

"यायचं काय त्यात? मागं उभं राहायचं अन् अडवायचं."

पहिल्या दिवशी चार मिनिटांत पाच-शून्य. चेंडू डावीकडे गेला, की मिराबाईचे दोन्ही हात डावीकडे. उजवीकडे गेला, की उजवीकडे. मुठी आवळून पांढऱ्या पडलेल्या.

"अहो, अडवा तरी!" पाठक म्हणाले.

"अडवायलाच तर पळून राहिले! चेंडू जिकडं, तिकडं मी."

"तुम्ही पोचेस्तोवर तो गेलेला असतो."

समोरून हरीश हसला. त्याच्या बाजूचा गोल मेकॅनिक धर्मसिंग राखायचा. "काका, कंडक्टर बदलून घ्या," हरीश म्हणाला. "ही गाडी जाग्यावरच पंक्चर हाय."

त्या दिवशी गाडीत मिराबाई वरच्या दांडीकडे बराच वेळ पाहत होती.

दुसऱ्या दिवशी तिने टेबलाच्या मुठी बोटांनी नुसत्या झेलल्यासारख्या धरल्या. हात हलका झाला तसे गडीही हलके झाले. चेंडूमागे धावणं तिने सोडून दिलं. जागेवरच थोडं इकडे, थोडं तिकडे. तरी पाच-एक. एकाच वाटेने चार गोल आत गेले होते.

"माझे दोघं एकामागं एक उभे हायेत," ती टेबलावर वाकून म्हणाली. "आमच्या तांड्यावर शेळ्या कोंडताना याडी वरडायची मला. आई म्हणजे आमची. म्हणायची, माझ्या मागं काहून उभी राहतीस? मी अडवते त्या शेळीला तू पुन्हा काय अडवणार? बाजूची फट धर."

तिसऱ्या दिवसापासून तिचा पुढचा गडी गोलाचा एक कोपरा झाके आणि गोलकीपर उरलेली फट. पाच-दोन. मग तिला दिसलं, की ताठ पायावर आदळलेला चेंडू उसळून पुन्हा हरीशकडेच जातो. ब्रेक लागताना गाडीत आपण जसं मागे रेलतो, तसे तिने गड्यांचे पाय जरासे मागे कलते ठेवले. चेंडू पायाखाली दबून राहू लागला. पाच-तीन.

"आता साहेब, तुमचं," ती म्हणाली. "चेंडू माझ्याकडं आला, की मी पुढं मारते अन् तो तुमच्याच गड्यांना आपटतो. वाटेतून पाय वर घेत जा."

"मी पाय वर घेतले तर खेळू कधी?"

"दोन सेकंदांनी कुठं तुम्हाला तकलीफ होते?"

पाठक मान डोलावत आणि ऐन वेळी विसरत. मधल्या दांडीवरचे त्यांचे पाचही गडी तिच्या चेंडूसमोर भिंतीसारखे उभे.

सातव्या दिवशी गाडीत ती त्यांच्या सीटजवळ वाकली. मी मागेच बसले होते.

"एक सांगू? हरीशभाऊ जोरात मारायच्या आधी क्लच दाबतो."

"टेबलाला कुठला क्लच?"

"न्हाई ना. पण त्याचा डावा पाय दाबतोच. चार वर्षं त्याच्या मागं उभी हाय मी. पाय दाबला, की डावा खांदा उतरतो. मी आता चेंडू न्हाई, खांदाच पाहते. कुणाला बोलू नका."

एवढ्यात हरीशने गिअर बदलला. दोघंही त्याच्या खांद्याकडे पाहून शाळेतल्या मुलांसारखी हसली.

शेवटच्या दिवशी पाठकांच्या गळ्यात हार होता, तो त्यांनी खुंटीला टांगला. खोली भरलेली. झाडलोट करणारी गोजरबाई बाकावर पुढे सरसावून बसलेली. हरीश म्हणाला, "काका, निरोपाची भेट म्हणून मुद्दाम हरू का?"

"हरून दाखव," पाठक म्हणाले.

खेळ चार-चार झाला. पुढचा गोल शेवटचा. चेंडू हरीशच्या पुढच्या दांडीखाली आला. त्याने तो डावीकडे नेला, उजवीकडे आणला. मिराबाई हलली नाही. पंख्याची कटकट तेवढी ऐकू येत होती. मग हरीशचा खांदा किंचित उतरला.

तिचा उजवा हात दोन बोटं सरकला. ठक्. चेंडू गड्याच्या पायाखाली.

"पाय वर घ्या!" फलाटावर हाक द्यावी तशी ती ओरडली.

गोजरबाईने बाकावर बसल्या बसल्या आपलेही पाय वर घेतले. आणि पाठकांनी, आठ दिवसांत पहिल्यांदाच, दोन्ही दांड्या फिरवून सगळे गडी आडवे केले. समोर सरळ वाट उघडली. मिराबाईने मागून चेंडू हाणला. तो सगळं टेबल ओलांडून धर्मसिंगच्या दोन गड्यांच्या बाजूच्या फटीतून आत गेला. एकामागं एक उभे होते ते.

खोलीत एकच गलका. पाठक दांड्या धरून तसेच उभे, गडी अजून आडवेच. "मी काहीच केलं नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि हसत होते. हरीशने खुंटीवरचा हार काढून आधी त्यांच्या गळ्यात घातला, मग काढून मिराबाईच्या. "पंक्चर माझंच निघालं," तो म्हणाला.

एक-चाळीसची गाडी त्या दिवशी गच्च भरली. पाठकांना बसायला जागा मिळाली नाही. हातात नारळ घेऊन ते दाराशीच उभे राहिले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला शेवटचा गोल पहिल्यापासून सांगू लागले. दुसऱ्या हाताने त्यांनी वरची दांडी गच्च आवळली होती. मिराबाई तिकिटं फाडत त्यांच्यापर्यंत आली, गळ्यातला हार खांद्यावर सारला आणि म्हणाली,

"साहेब, दांडी सैल धरा. अन् पुढं सरका, पुढं जागा हाय."