बायकोला सिनसिनाटी दाखवताना

उन्हाळ्यात सिनसिनाटीला येणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, विमान सिनसिनाटीत उतरत नाही. ते उतरतं नदीपलीकडे, केंटकी राज्यात. तिथून गाडीने निघालं की हायवे डोंगर कापून खाली येतो, एक वळण घेतो आणि एकदम ओहायो नदी, तिच्यावरचे पूल आणि पलीकडच्या काठावरच्या उंच इमारती समोर उभ्या राहतात. शहर बघायचं तर ते तिथून. म्हणून पाहुण्यांना पुढच्या सीटवर बसवावं आणि आपण गप्प बसावं. मला ते जमलं नाही. जुलैमधल्या त्या गुरुवारी बायको पुढे होती, मुलगी मागे, आणि मी "आता बघा हं, आता बघा" असं इतक्यांदा म्हणालो की वळण आलं तेव्हा बायको काळजीने माझ्याकडेच बघत होती. मुलीने फोनमधून मान वर काढली आणि विचारलं, "सो वी लँडेड इन द राँग स्टेट?"

मला चैन नव्हतं आणि त्याला कारण होतं. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला माझी न्यू जर्सीतली नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाला नवी नोकरी शोधायला फार वेळ मिळत नाही. जी मिळाली ती घेतली, आणि ती निघाली सिनसिनाटीत. बायको आणि मुलगी तिकडेच, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या घरात राहिल्या, मी दर तिसऱ्या शनिवारी विमानाने जाऊन येऊ लागलो. आता मुलीची नववी सुरू होणार होती. आमच्या ओळखीत नववी ते बारावी कुणी घर हलवत नाही, पोरांच्या शाळेला हात लावत नाही. म्हणजे या उन्हाळ्यात त्या दोघी इथे राहायला आल्या तर आल्या. नाही आल्या तर पुढची चार वर्षं मी इथे आणि त्या तिथे. "येते चार दिवस, बघते, मग ठरवू," असं बायको म्हणाली होती. मी मात्र सगळं ठरवूनच बसलो होतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी माझं बाशिंग काही गुडघ्यावरून निघालेलं नाही.

काय दाखवावं हे मी इथे तीस वर्षं राहिलेल्या एका काकूंना विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "आधी इंडियन ग्रोसरी दाखव. तिथे आपलं सगळं मिळतंय हे दिसलं की बायकांचा जीव भांड्यात पडतो. मग देऊळ. नदी, पूल, ते सगळं नंतर." मला ते पटलं. हीच चूक आपण सगळे करतो. नव्या गावात पाहुणा आला की हे गाव जुन्या गावासारखंच कसं आहे ते आपण त्याला दाखवत फिरतो.

तेव्हा हॉटेलात बॅगा टाकून पहिल्यांदा ग्रोसरी. होय, हॉटेल. माझ्या अपार्टमेंटमध्ये त्यांना न उतरवता मी डाउनटाउनमध्ये छतावर स्विमिंग पूल असलेलं हॉटेल बुक केलं होतं, सुट्टीवर आल्यासारखं वाटावं म्हणून. ग्रोसरीत मी त्यांना आंबेमोहर दाखवला, भाजणी दाखवली, फ्रीझरमधल्या पुरणपोळ्या दाखवल्या. बायकोने पोळ्यांचं पाकीट उलटं करून मागचा मजकूर वाचला आणि माझ्या हातात दिलं. पत्ता न्यू जर्सीतल्या एडिसनचा होता.

"म्हणजे इथे यायचं आणि तिथलंच फ्रोझन करून खायचं," ती म्हणाली.

"ताजंही मिळतं," मी म्हणालो. "ऑर्डर द्यावी लागते फक्त."

देऊळ तिला आवडलं, पण देऊळ तिला कुठलंही आवडतं. तिथून मी त्यांना डोसा खायला नेलं. डोसा बरा होता. न्यू जर्सीत ओक ट्री रोडवर याहून चांगला मिळतो हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. मग मीच बोललो. म्हणालो की तिथे पार्किंग मिळत नाही. त्यावर मुलगी म्हणाली, "ओके," आणि तिचा तो ओके ऐकून माझं डोकं फिरलं. मी तिला फोन बाजूला ठेवायला सांगितलं. फोन आधीच बाजूला होता.

शुक्रवारी शहर दाखवायचं होतं. या शहराला डोंगर आहेत आणि डोंगरावर जायला जागोजाग सार्वजनिक पायऱ्या आहेत, घरांच्या मधून, झाडांच्या खालून जाणाऱ्या. त्या चढायच्या तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. आम्ही अकरा वाजता चढलो, कारण माझ्या प्लॅनमध्ये दुपारी म्युझियम होतं. मी नागपूरचा. नागपूरच्या माणसाला उन्हाची भीती दाखवू नये, असं मी बायकोला नेहमी ऐकवतो. पण नागपूरचं ऊन कोरडं, सरळ तोंडावर येणारं. इथली हवा नदीवरून ओली होऊन येते आणि अंगाला चिकटून बसते. अर्ध्यावर बायको एका पायरीवर बसली. शेजारच्या घराच्या कुंपणातून तिच्या डोक्यावर तुतीची फांदी आली होती. तिने दोन तुती तोडून खाल्ल्या, एक मुलीला दिली, आणि म्हणाली, "इथे छान आहे. बसू या जरा."

"वर व्ह्यू आहे," मी म्हणालो.

"इथे सावली आहे."

"वरून पूर्ण नदी दिसते. चल ना, पाच मिनिटं."

ती उठली. वर गेलो, नदी पाहिली, फोटो काढले. फोटोत आम्ही तिघंही चिडलेले दिसतो.

आधी पोटोबा मग विठोबा, म्हणून म्युझियमच्या आधी इथली प्रसिद्ध चिली खाल्ली. ती चिली म्हणजे शेवयांसारख्या लांब स्पॅगेटीवर दालचिनी, लवंग घातलेला पातळ खिमा आणि वरून किसलेल्या चीजचा डोंगर. मांस न खाणाऱ्यांसाठी राजम्याची मिळते. आम्ही राजम्याची घेतली. बायको एक घास खाऊन बराच वेळ विचार करत होती. "गोडा मसाला चुकून पास्त्यात पडल्यासारखं लागतंय," ती म्हणाली आणि हसली. इथे आल्यापासून ती पहिल्यांदा मोकळं हसली होती. मी तेवढ्यात घड्याळ बघितलं आणि तिने ते पाहिलं.

संध्याकाळी आम्ही नदीवरच्या जुन्या झुलत्या पुलावरून चालत निघालो. निळ्या रंगाचा, जाडजूड तारांनी टांगलेला पूल आहे. गाड्यांचा रस्ता लोखंडी जाळीचा आहे, त्यामुळे गाडी गेली की पूल गुणगुणतो. एक गाडी गेली की एक सूर, दोन गेल्या की वेगळा. मुलगी थांबली. तिने रेलिंगला कान लावला, मग फोन काढून आवाज रेकॉर्ड करायला लागली. व्हायोलिन वाजवते ती. "बाबा, इट्स ऑलमोस्ट अ जी नोट," ती म्हणाली. "लिसन."

मी ऐकलं नाही. पलीकडच्या काठावर सात वाजताच्या बोटीची तिकिटं काढलेली होती आणि सातला थोडाच वेळ उरला होता. मी म्हणालो, "चला, चला, बोट जाईल." बोट आम्हाला मिळाली. बोटीवर मोठ्याने गाणी लावली होती आणि कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. मला ते बरंच वाटलं.

बोटीतून उतरल्यावर बायकोने विचारलं, "तू एरवी संध्याकाळी काय करतोस रे इथे?"

"चालतो."

"कुठे?"

"असाच. नदीपर्यंत. मग परत."

"आणि घरी?"

मी म्हणालो की घरी काय करायचं असतं माणसाने, झोपतो. ती म्हणाली, "उद्याचं झू कॅन्सल कर. तुझं घर बघू दे."

"त्यात काय बघायचंय? एक खोली आहे यार."

"तेच बघायचंय."

शनिवारी सकाळी मी त्यांना घरी नेलं. खोली स्वच्छ होती, पहाटे येऊन मी ती झाडून गेलो होतो. जमिनीवर गादी, कॅम्पिंगची एक घडीची खुर्ची, लॅपटॉप ठेवायला खोकं. स्वयंपाकघरात एक कढई, एक ताट. खिडकीखाली माझी मोठी बॅग उघडी पडलेली, डिसेंबरमध्ये आणली तशीच. कपडे धुतले की मी घडी करून पुन्हा त्यातच ठेवायचो. कपाट होतं, त्यात ऑफिसचे चार शर्ट लटकत होते. बाकी कपाट रिकामं.

"तू तर अजून इथे राहायलाच आलेला नाहीस," बायको म्हणाली. "आणि आम्हाला बोलावतोयस."

मी काहीतरी बोललो, की तुम्ही आलात की तीन बेडरूमचं घर घेऊ, दोन बघूनही ठेवलीत, उगाच कशाला सामान वाढवायचं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. ती बॅगेपाशी खाली बसली आणि एकेक कपडा बाहेर काढू लागली. पँट वेगळ्या, टीशर्ट वेगळे, स्वेटर वेगळे. कपाटातली फळी हाताने पुसून तिने टीशर्ट लावले. मी बघत उभा होतो आणि मला फार आनंद झाला. बाई घर लावायला लागली म्हणजे ती राहणार. माझी आई असंच करायची. बदलीच्या गावी पोचल्या पोचल्या कपाट लावायची, मग रडायची, पण आधी कपाट.

"हँगर अजून आहेत का?" तिने विचारलं.

"राहू दे ना. मोठं घर घेतलं की तिथे लावू सगळं."

तिचे हात थांबले नाहीत. "चार वर्षं बॅगेतून कपडे काढणार आहेस का?" ती म्हणाली.

मला समजायला थोडा वेळ लागला. मुलगी घडीच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती, म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं.

"एवढ्यात ठरवलंस?" मी म्हणालो. "अजून उद्याचा दिवस आहे. तू धड काही बघितलंही नाहीस."

"शहर छान आहे रे. शहराचा प्रश्नच नव्हता." तिने एक स्वेटर मांडीवर घेतला. "मी आठ वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरी बसले. आता कुठे मला तिथल्या लॅबमध्ये नोकरी मिळाली आहे. ती मी सोडणार नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू भांडला असतास, म्हणून आले."

तिचे डोळे भरून आले होते. माझे नव्हते, मला राग आला होता. तिचा, लॅबचा, ग्रोसरीवाल्या काकूंचा, इथल्या ओल्या हवेचा. ती बरोबर बोलत होती याचा सगळ्यात जास्त. तिथे उभं राहणं शक्य नव्हतं म्हणून मी म्हणालो, हँगर घेऊन येतो, आणि निघालो. जिना उतरताना मागून मुलीच्या चपलांचा आवाज आला.

रस्त्यावर ऊन तापलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानाकडे मी तरातरा चालत होतो.

"बाबा, आर यू मॅड?"

"नाही."

"यू आर वॉकिंग सो फास्ट."

मी वेग कमी केला नाही, तीच पळत माझ्या बरोबरीला आली. दुकानात हँगर दहा-दहाच्या गठ्ठ्यांत टांगलेले होते. तिने गठ्ठे काढून हातावर अडकवायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हाऊ मेनी?"

"एकट्याला पुरतील एवढे," मी म्हणालो.

तिने दोन गठ्ठे परत ठेवले.