डिस्कवरचं कुंकू

बंद पडलेला संगणक काल भंगारात देण्याआधी उघडला. धूळ झटकली, तर हार्ड डिस्कवरचा कुंकवाचा ठिपका अजून लालच होता.

देवपूरच्या घरातली ती दसऱ्याची सकाळ. डीव्हीडी रायटर बसवून झाला होता आणि हे जमिनीवर मांडी घालून नवी हार्ड डिस्क बसवत होते. तेवढ्यात माझ्या नणंदबाई, अक्का, कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. "थांब रे भाऊ, नवी वस्तू शे, पहिले कुकू लाई लेऊ दे." बोट नेमकं डिस्कच्या बारीक छिद्रावर टेकलं.

हे ओरडले, "अगं अक्का, ते झाकायचं नसतं, ती तिथून श्वास घेते!" पुसायला गेले, तर अक्कांनी हात धरला. "लायेल कुकू पुसतस नही."

आम्ही किती हसलो!

पुढे यांचा आवाज, यांचं हसणं, सगळं त्याच डिस्कवर साठत गेलं. डीव्हीडीवर प्रत काढू, असं नुसतं म्हणत राहिलो. आता ती फक्त टकटक करते. दुकानदारानंही हात टेकले.

तिचं कुंकू तेवढं शाबूत आहे. माझं त्याच अक्कांनी, त्याच बोटानं पुसलं.