अम्मानचा बुकरा

देवाशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. थोडा मसाला माझा आहे, पण तोही खराच आहे!

पोरगं बाहेरदेशी शिकायला गेलं, की डिग्री यायला वर्षं लागतात. किस्से मात्र पहिल्याच आठवड्यात येऊन पडतात. शेलूबाजारात सलीमभाईंच्या कापडदुकानात आमची रोजची बैठक. त्यांचा जावेद जॉर्डनला, अम्मानमध्ये अरबी शिकायला गेला आणि आमचा टीव्ही बंद झाला.

जायच्या आधी सलीमभाईंनी अख्ख्या स्टँडला ऐकवलं होतं, "आपल्या पोराले अरबी येतेच. तिथं फक्त सर्टिफिकेट घ्याचं बाकी हाय!"

*

उतरल्या उतरल्या जावेदनं टॅक्सीवाल्याला पत्ता सांगितला. पुस्तकातल्या शुद्ध अरबीत, एकेक अक्षर घोळवून.

टॅक्सीवाल्यानं मान खाली घातली, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "आमीन!"

*

मग गडी तिखट शोधायला निघाला. पहिला दुकानदार म्हणाला, "माफी." दुसरा म्हणाला, "माफी." तिसराही तेच!

"काका, काय शरीफ लोक हायेत!" जावेद फोनवर मला सांगत होता. "तिखट नसलं तर माफी मांगतात!"

पुढं कळलं, तिथं 'मा फी' म्हणजे 'नाही'. तोवर यानं अर्ध्या अम्मानला माफ करून टाकलं होतं.

*

घरमालकीण म्हातारीनं विचारलं, "तू गरीब?"

तिकडं गरीब म्हणजे परक्या गावचा. पण आमचा हीरो पेटला! लगेच व्हिडिओ कॉल. "अब्बा, हिले दुकान दाखवा आपलं! मले गरीब म्हणून राह्यली!"

सलीमभाईंनी तावातावानं साडीवर साडी उलगडली. म्हातारीनं दोन हिरव्या पसंत केल्या.

*

पण खरी कसोटी इकाम्याची. इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना. मुदत संपत आलेली. तो नसला तर कॉलेजातून नाव कटणार आणि स्वारी परत शेलूबाजारात. जावेद रोज ऑफिसात जायचा आणि साहेब रोज एकच शब्द बोलायचा.

शेवटी त्याचा रडवेला फोन आला. "काका, साहेब बकरा मांगून राह्यला!"

सलीमभाई पांढरेफटक. "या अल्ला! आपल्या इथं चहापाण्यावर भागते, तिथं डायरेक्ट बकरा?"

"बाहेरचा देश हाय, सलीमभाई," मी धीर दिला. "रेटही तसाच असन."

"मंग काय करू, अब्बा?"

"देऊन टाक, बापा! तू वापस आला त मी स्टँडवर कोन्तं तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी जावेद बकऱ्यासकट काउंटरवर हजर. लायनीत मागं हैदराबादचा एक मिस्त्री उभा होता. तो ओरडला, "अरे मियाँ, बुकरा बोले तो कल! कल आओ बोल रा वो!"

जावेदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बकऱ्यानं मोठ्यानं 'ब्यँ' केलं. साहेब पोट धरधरून हसला आणि हसता हसताच त्यानं इकाम्यावर शिक्का मारला.

आता एवढं कबूल करतो, साहेबाचं हसणं माझ्या पदरचं. तो अजिबात हसला नाही. त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला, काउंटरवरून वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, "वजन किती?"